विरारहून खाली जाणारी ‘अप’ लोकल

पश्चिम रेल्वेच्या नकाशात विरार वरच्या बाजूला असते आणि चर्चगेट तळाला. तरी विरारहून चर्चगेटकडे, म्हणजे नकाशात खाली, निघालेली लोकल ‘अप’ आणि चर्चगेटहून वर विरारकडे येणारी ‘डाउन’. नालासोपाऱ्याचा किंवा वसईचा माणूस सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटा विरारला येतो आणि त्याच गाडीत बसून मुंबईकडे निघतो. हे ‘डाउन येणारे’ आणि विरारला चढणारे यांच्यातली वादावादी रोजची. जागेवरून हमरीतुमरी होते, पण नकाशात वर येणाऱ्याला ‘डाउन’ का म्हणायचे, यावरून कुणाचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

रुळांचा चढउतार म्हणावा, तर तोही नाही. सगळा मार्ग किनारपट्टीच्या सपाटीचा. या कोड्याचे उत्तर विलायतेत आहे. तिकडच्या रेल्वेत लंडनकडे जाणारी गाडी ती अप आणि लंडनपासून दूर जाणारी ती डाउन. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरार ते बॅकबे ही पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली, तेव्हा रेल्वेबरोबर तिची बोलीही आली आणि लंडनच्या जागी मुंबई बसली. या ‘अप’मध्ये उंची नाही, मान आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला जाणारा विद्यार्थीही ‘अप’ जातो, आणि तिथून हाकलला गेला की तो ‘सेंट डाउन’ होतो.

इंग्रजी शिकताना आपण अडतो ते नेमके इथेच. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर; मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे कसे? ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘आउट’ म्हणजे बाहेर. मग आग ‘पुट आउट’ केली म्हणजे ती उचलून अंगणात ठेवली का? ‘लुक’ म्हणजे बघणे, ‘आफ्टर’ म्हणजे नंतर. मग आजीला ‘लुक आफ्टर’ करणारा नातू तिच्याकडे ‘बघू नंतर’ म्हणतो की काय? दोन्ही शब्द पहिली-दुसरीतले, आणि जोडी जमली की अर्थ तिसराच. अशा जोडीला इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात. इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात त्यांची छापील यादी मिळते. ती पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. दोष विद्यार्थ्याच्या डोक्याचा नाही. यादीच उलट्या बाजूने लावलेली असते.

गाडी तीच, पाटी वेगळी

जोडीतला पहिला शब्द क्रियापद, आणि तेही बहुधा अगदी साधे: गो, कम, गेट, टेक, पुट, टर्न, रन. दुसरा शब्द छोटा: अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर, बॅक. व्याकरणात त्याला पार्टिकल म्हणतात. आपण त्याला अव्यय म्हणू, कारण काळ, लिंग, वचन काहीही बदलले तरी तो बदलत नाही.

यादी करणारे सगळा भर पहिल्या शब्दावर देतात. ‘टेक’च्या मथळ्याखाली टेक ऑफ, टेक इन, टेक ओव्हर, टेक आफ्टर अशी रांग लावतात. पण प्लॅटफॉर्मवर उभा असलेला माणूस काय बघतो? येणाऱ्या गाडीचा रंग नाही, तर इंडिकेटर. मघाशी बोरिवली स्लो म्हणून धावलेली गाडी आता विरार फास्ट असू शकते. कुठे पोचायचे ते पाटी ठरवते. क्रियापद ही गाडी आणि अव्यय ही पाटी. ऑक्सफर्डच्या बृहद्कोशाच्या सुधारणेत एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ज्याचे ६४५ अर्थ होतात त्याला स्वतःचा असा अर्थ फारच थोडा उरला, असे म्हणायला हरकत नाही. ते चालना देते, दिशा दुसराच कोणी देतो.

ही अडचण फक्त आपल्यालाच येते असे नाही. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने या जोड्यांचा खास उल्लेख केला आहे. परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच, म्हणून त्या आपण काळजीपूर्वक गोळा केल्या, अशा अर्थाचे तो लिहितो. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच नंतरचे. लोगन पिअरसल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातून ते रूढ झाले, आणि ते सुचवल्याचे श्रेय त्यांनी ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

सोडून देताना आपण काय देतो?

‘गिव्ह अप’चा अर्थ आपण ‘सोडून देणे’ असा सांगतो, तेव्हा एक गंमत नजरेतून निसटते. सोडून देताना आपण कुणाला काय देतो? काहीच नाही. ‘देणे’ तिथे देण्याच्या अर्थाने आलेलेच नाही. ‘मी विसरून गेलो’ यात मी कुठेही गेलेलो नाही. ‘नको ते बोलून बसलो’ हे उभ्यानेही करता येते. ‘सांगायचे राहून गेले’ यात तर राहणे आणि जाणे ही दोन विरुद्ध क्रियापदे शेजारी बसली आहेत, तरी वाचताना कुणी अडखळत नाही. ‘जेवून घे’ यात माया आहे, ‘जेवून टाक’ यात घाई आहे. हा फरक मराठी घरातल्या चार वर्षांच्या पोराला कळतो. तोच मराठी शिकणाऱ्या जर्मन माणसाला समजावून सांगायला बसा, म्हणजे इंग्रजीच्या मास्तरांविषयी थोडी सहानुभूती वाटू लागेल.

याला आपण संयुक्त क्रियापद म्हणतो. मुख्य क्रिया पहिल्या शब्दात असते. मागचा शब्द ती संपली की चालू आहे, कुणाच्या फायद्याची आहे, नकळत झाली की ठरवून, हे सांगतो. इंग्रजी अव्यय करते त्यातले बरेचसे काम मराठीत टाकणे, जाणे, देणे, घेणे, बसणे ही मंडळी करतात.

शिवाय इंग्रजीसारखी दिशा दाखवणारी जोडीही मराठीत आहे. परीक्षा ‘पुढे ढकलली’ म्हणताना कुणी परीक्षेला हात लावत नाही. अर्ज ‘मागे घेतला’ जातो, लग्न ‘पार पाडले’ जाते, गुंडाला ‘आत टाकले’ जाते, अभ्यासात मुलगा ‘मागे पडतो’. ‘पार पाडणे’ आणि इंग्रजी ‘कॅरी आउट’ यांची बांधणी जवळजवळ एक आहे; फक्त आपले वाक्य क्रियापदावर संपते म्हणून दिशा आधी येते आणि त्यांच्यात ती नंतर.

संस्कृतात हीच दिशा क्रियापदाला पुढून चिकटली, तिला उपसर्ग म्हणतात. हृ हा एकच धातू, पण आहार, विहार, संहार, प्रहार यांचा एकमेकांशी संबंध लावून दाखवा! स्टेशनावरच्या उपाहारगृहात तर उप आणि आ असे दोन उपसर्ग एकामागे एक आहेत, जसे ‘पुट अप विथ’मध्ये दोन छोटे शब्द. वेदांच्या भाषेत हे उपसर्ग क्रियापदाला घट्ट चिकटलेले नव्हते. ते सुटे असत, कधी मध्ये चार शब्द टाकून लांब उभे राहत, कधी क्रियापदाच्या मागेही येत. पाणिनीने त्याची स्वतंत्र सूत्रांत नोंद केली आहे. पुढे संस्कृतात ते कायमचे चिकटले. जर्मन अजून दोन्ही करते: ‘औफगेबन’ म्हणजे सोडून देणे, पण वाक्यात वापरताना ‘औफ’ सुटून शेवटी जातो. इंग्रजीतही जुन्या काळी असे चिकटलेले शब्द पुष्कळ होते. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’ ही त्यांतली उरलेली माणसे. बाकीची अव्यये मागे जाऊन सुटी उभी राहिली.

‘ऑफ’ म्हणजे बंद नव्हे, सुटणे

‘ऑफ’ आपल्याला घरातल्या बटणांनी शिकवला. पंखा ऑफ, गीझर ऑफ. ऑफ म्हणजे बंद. म्हणून ‘द अलार्म वेंट ऑफ’ हे वाक्य समोर आले की विद्यार्थी छातीठोकपणे सांगतो, अलार्म बंद पडला. खरा अर्थ आहे, अलार्म वाजला. बॉम्ब ‘गोज ऑफ’ म्हणजे फुटतो. वीज ‘गोज ऑफ’ म्हणजे जाते. दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासते. एकाच ‘गो ऑफ’ने सुरू होणे, फुटणे, थांबणे आणि बिघडणे अशी चार कामे करायची, हा कसला न्याय?

उत्तर मराठीतच आहे. ‘सुटणे’ हे क्रियापद घ्या. शाळा सुटली: काहीतरी संपले. वारा सुटला: काहीतरी सुरू झाले. नोकरी सुटली, संपली. गोळी सुटली, निघाली. व्यसन सुटते, कोडे सुटते, गाठ सुटते, तोल सुटतो, चाळिशीत पोट सुटते, आणि तव्यावर बोंबील पडला की तोंडाला पाणी सुटते. ‘माझी आठ-वीस सुटली’ हे तर दोन विरुद्ध प्रसंगी म्हणता येते: मी गाडीत बसलो आहे आणि ती निघाली, किंवा मी अजून जिन्यावर आहे आणि ती चुकली. मराठी माणूस यात कधी गोंधळत नाही, कारण त्याच्या मनात अर्थांची यादी नसून एकच चित्र असते. काहीतरी धरलेले, बांधलेले, अडकलेले होते, ते मोकळे झाले. मोकळे झाल्यावर काय होणार हे त्या वस्तूवर अवलंबून. वर्गात कोंडलेली मुले मोकळी झाली तर शाळा संपते. सिग्नलला धरलेली गाडी मोकळी झाली तर प्रवास सुरू होतो.

आता हेच चित्र ‘ऑफ’ला लावा. चावीच्या गजराच्या घड्याळात हातोडी अडकवून ठेवलेली असते. वेळ झाली की खटका निघतो, हातोडी मोकळी होते आणि घंटा बडवते. अलार्म ‘ऑफ’ जातो तो असा, बंदुकीची गोळी सुटते तसा. दिव्याच्या बाबतीत मोकळी होते ती तारेची जोडणी, म्हणून उजेड जातो. विमान ‘टेक ऑफ’ करते तेव्हा त्याची जमीन सुटते. अंगातला शर्ट ‘टेक ऑफ’ करतात तेव्हा तो अंगापासून सुटतो. मीटिंग ‘कॉल ऑफ’ केली की त्या दिवसापुरते सगळे सुटले. दुधाला मात्र आपण सुटले म्हणत नाही, फाटले किंवा नासले म्हणतो. इंग्रजीने तिथे आपल्या स्थितीपासून ढळण्याला ‘ऑफ’ म्हटले आहे. दोन भाषांचे नकाशे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षाच चूक. पण चित्र एकदा डोक्यात बसले की न वाचलेला ‘ऑफ’ही निम्मा कळतो.

भाषाशास्त्रातली एक माहिती इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्रजी ‘ऑफ’ आणि संस्कृत ‘अप’ हा उपसर्ग, म्हणजे अपहरणातला ‘अप’, हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. इंग्रजी ‘अप’ हा आपल्या ‘उप’चा भाऊबंद आणि ‘आउट’ हा ‘उद्’चा. ‘अपहरण’ हा शब्द फोडला तर अक्षरशः ‘कॅरी ऑफ’ निघतो, आणि इंग्रजीत पळवून नेण्याला तेच म्हणतात. उपसर्ग आणि पार्टिकल यांत नुसते साम्य नाही, सख्खे नाते आहे.

‘अप’: भाव, पिंप आणि किल्ला

‘अप’चा पहिला विस्तार आपल्याला फुकट मिळतो. जास्त ते वर, कमी ते खाली, हे आपणही मानतो. भाव चढतात, पारा चढतो, तोंड उतरते. त्यामुळे ‘गो अप’, ‘स्पीड अप’, ‘चिअर अप’ यांना शिकवणी लागत नाही.

दुसरा विस्तार जरा आतला आहे. वसई-विरारमधल्या अनेक सोसायट्यांत टँकर येतो तेव्हा पिंपे भरायला धावपळ होते. पाणी पिंपात वर वर चढते आणि काठाशी पोचले की काम झाले. वर पोचणे आणि पुरे होणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात. ‘फिल अप’ ही त्या क्षणाची जोडी आहे. मग ‘अप’मधली उंची गळून पडली आणि पुरेपणा तेवढा उरला. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’, ‘क्लीन अप’ यांत वर काहीच जात नाही. खाणे, पिणे, वापरणे, साफ करणे तळापर्यंत, शेवटपर्यंत होते. ‘ईट युअर फिश’ म्हणजे मासे खा. ‘ईट अप युअर फिश’ म्हणजे खाऊन टाक, पानात ठेवू नकोस. हा ‘अप’ आपला ‘टाक’ आहे.

‘गिव्ह अप’चे कोडे इथेच उलगडते. त्याचा जुना अर्थ शरणागतीत काहीतरी हवाली करणे, पूर्णपणे देऊन टाकणे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला सोडला. त्यांनी किल्ला ‘गिव्ह अप’ केला असे इंग्रजीत लिहिले तर शब्दाचा मूळ अर्थ अचूक बसतो. पुढे किल्ल्याच्या जागी सिगारेट आली, आशा आली, गणिताचा पेपर आला. देणे संपले, हात टेकणे राहिले.

तारे आणि दिवे

‘आउट’मध्ये एक उघड विरोधाभास आहे. रात्री ‘द स्टार्स आर आउट’ म्हणजे तारे दिसू लागले. त्याच रात्री ‘द लाइट्स आर आउट’ म्हणजे दिवे दिसेनासे झाले. बाहेर तेच, परिणाम उलटा.

प्रश्न बघणारा कुठे उभा आहे याचा आहे. वस्तू आतून निघून माझ्याकडे आली तर ती मला दिसते. ‘फाइंड आउट’, ‘टर्न आउट’, ‘कम आउट’ ही सगळी या घरातली. आपणही सत्य बाहेर आले, भानगड बाहेर पडली असेच म्हणतो. उलट मी आत आहे आणि वस्तू बाहेर गेली, तर ती माझ्यापुरती संपली: ‘रन आउट’, ‘डाय आउट’, ‘वेअर आउट’, आणि आगीचे ‘पुट आउट’. क्रिकेटमधला ‘आउट’ही याच दुसऱ्या बाजूचा. ‘डाउन’, ‘ओव्हर’, ‘ऑन’ यांचीही अशीच कुळकथा आहे. एवढेच सांगतो की ‘ऑन’मध्ये चालू राहण्याचा अर्थ ठळक आहे, म्हणून ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’, ‘कीप ऑन’.

मध्ये कोण बसते?

पंखा बंद करायला ‘टर्न ऑफ द फॅन’ चालते आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालते. पण पंख्याऐवजी ‘इट’ म्हटले की ‘टर्न इट ऑफ’ एवढेच चालते. ‘टर्न ऑफ इट’ कानाला खटकते. नियम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्यावे. इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची गोष्ट शेवटाकडे जाते आणि जोरही तिथेच पडतो. ‘इट’ म्हणजे आधी सांगून झालेली गोष्ट. तिला मानाची जागा कशाला? ती मध्ये बसते आणि शेवटचा जोर ‘ऑफ’ला मिळतो.

‘लुक आफ्टर’ची जोडी मात्र अशी फाकत नाही. ‘लुक हर आफ्टर’ कुणी म्हणत नाही, कारण तिथला ‘आफ्टर’ पुढच्या नामाला धरून आहे, आपल्या ‘च्या मागे’सारखा. कानाने ओळखायची खूण अशी: ‘टर्न इट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ ठासून उच्चारला जातो, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘ॲट’ जेमतेम ऐकू येतो.

चौकट: आपल्याकडच्या काही जोड्या

*गेट ऑन, गेट इन.* ज्या वाहनात उभे राहता येते, चालता येते ते ‘ऑन-ऑफ’: लोकल, एसटी, विमान. ज्यात वाकून शिरावे लागते ते ‘इन-आउट’: रिक्षा, टॅक्सी, मोटार. सकाळच्या विरार फास्टला दारात लटकणाऱ्याच्या बाबतीत ‘ऑन’ हा शब्द फारच समर्पक आहे.

*गेट डाउन.* स्टेशनवर ‘गेट डाउन’ होणे हे आपल्या ‘उतरणे’मधून आले. भारतात सर्वांना कळते. बाहेर ‘गेट ऑफ’ म्हणावे.

*पास आउट.* भारतात पदवी घेऊन बाहेर पडणे, इंग्लंड-अमेरिकेत मुख्यतः शुद्ध हरपणे. पण आपला अर्थ हवेतून आलेला नाही. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पुरे करणे म्हणजे ‘पास आउट’. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते ती याच अर्थाची.

*कोप अप विथ, डिस्कस अबाउट, रिव्हर्ट बॅक.* तिन्हींत एक शब्द जास्तीचा. ‘कोप विथ’, नुसते ‘डिस्कस’, नुसते ‘रिव्हर्ट’ पुरे. ‘रिव्हर्ट’चा अर्थ पूर्वस्थितीला जाणे, उत्तर कळवणे हा अर्थ विशेषकरून आपल्याकडच्या ऑफिसांतला.

अग्निशमन आणि आग विझवणे

इतक्या सोप्या शब्दांच्या जोड्या असताना आपण त्या टाळून ‘एक्स्टिंग्विश’, ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’ असे जड शब्द का वापरतो? याची मुळे १०६६ मध्ये आहेत. त्या वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, कोर्ट यांची भाषा फ्रेंच झाली; धर्म आणि विद्येची लॅटिन आधीपासून होतीच. शेतात आणि स्वयंपाकघरात जुनी इंग्रजी राहिली. त्यामुळे एकाच कामाला दोन शब्द तयार झाले: घरातला ‘पुट आउट’, कचेरीतला ‘एक्स्टिंग्विश’. आपल्याकडेही बंबावर ‘अग्निशमन’ लिहिलेले असते, पण आग लागल्यावर कुणी ‘शमन करा’ म्हणून ओरडत नाही.

मराठी शाळेतल्या मुलाला कचेरीतला शब्द सोपा पडतो, कारण त्याला एक अर्थ असतो आणि तो वहीत एका ओळीत मावतो. शिवाय आपल्याकडे इंग्रजी आली तीच मुळी कोर्ट आणि कचेरीच्या दारातून. फटका बसतो तो नंतर. मालाडच्या कॉल सेंटरात विरार-नालासोपाऱ्याची कितीतरी मुले काम करतात. तिथे फोनवरचा अमेरिकन माणूस ‘टर्मिनेट’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘आय गॉट कट ऑफ’, ‘हँग ऑन’, ‘इट शोज अप ट्वाइस’. बारावीपर्यंत शिकलेले सगळे जड शब्द तिथे कपाटात राहतात.

या टाळाटाळीचा अभ्यासही झाला आहे. १९८५ मध्ये डॅगट आणि लॉफर यांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाहिले. ती मुले फ्रेझल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापद निवडत. हिब्रूत अशी रचनाच नाही, हे कारण त्यांनी दिले. मग १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्केना यांनी डच विद्यार्थी घेतले. डचमध्ये अशा जोड्या भरपूर आहेत. ते विद्यार्थी सरसकट टाळत नव्हते, पण अर्थ अजिबात उघड नसलेल्या जोड्यांपासून तेही दूर राहत. म्हणजे आपल्या भाषेत युक्ती असली तरी ती परक्या भाषेत आपोआप ओळखू येते असे नाही. कुणीतरी बोट दाखवावे लागते.

मराठीने अव्यय गाळले, कारण तिचे स्वतःचे होते

वसईला परक्या भाषेची सवय जुनी. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीज इथे होते, आणि त्यांच्या भाषेतून मराठीत शब्द आले ते बहुतेक वस्तूंचे आणि व्यवहाराचे: पाव, चावी, बादली, पगार, लिलाव, इस्त्री, नाताळ. क्रिया हवी असेल तिथे मराठीने आपले ‘करणे’ जोडले. लिलाव करणे, इस्त्री करणे. इंग्रजीशीही ती तेच करते: चेक करणे, ॲडजस्ट करणे, सेव्ह करणे.

फ्रेझल व्हर्ब आली की मात्र दोन वाटा होतात. एक, जोडी गोठून नाम बनते: चेकअप, बॅकअप, ब्रेकअप. नायगावला मालिकांच्या सेटवर ‘पॅकअप’ होते, आणि पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी ‘शटडाउन’ घेतला की नळाला पाणी येत नाही. दुसरी वाट जास्त मजेची. ‘मला स्टेशनवरून पिक कर, वाटेत हिला ड्रॉप कर’ हे वाक्य रोज बोलले जाते. इंग्रजीत ‘पिक अप’ आणि ‘ड्रॉप ऑफ’. आपण ‘अप’ आणि ‘ऑफ’ गाळले. त्यांच्याशिवाय इंग्रजीत ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा तोडणे आणि ‘ड्रॉप’ म्हणजे खाली पाडणे, पण वसईत कुणी बायकोला खाली पाडत नाही. अर्थ शाबूत राहतो.

गाळलेल्या अव्ययाची उणीव का भासत नाही ते पुढच्या वाक्यांत दिसेल: ‘तो मेसेज डिलीट करून टाक’, ‘तिकीट बुक करून ठेव’, ‘नंबर सेव्ह करून घे’, ‘चुकून फॉरवर्ड करून बसलो’. क्रियापद इंग्रजी, पण काम तडीस गेले की कुणासाठी केले की करून पस्तावलो, हे सांगणारा शब्द अस्सल मराठी. गाडी त्यांची, पाटी आपली.

किती शिकायच्या?

फ्रेझल व्हर्बच्या मोठ्या कोशांत हजारोंनी जोड्या असतात, त्या बघून घाम फुटतो. २००७ मध्ये गार्डनर आणि डेव्हिस यांनी सुमारे १० कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या संग्रहात मोजणी केली. त्यात आढळलेल्या सगळ्या वापरांपैकी निम्म्याहून थोडा जास्त वाटा नुसत्या १०० जोड्यांचा निघाला. आणि निम्म्याहून जास्त वापर फक्त २० क्रियापदांभोवती फिरत होता. म्हणजे रोजच्या बोलण्यापुरते काम शंभराच्या आसपास भागते.

वही करायचीच असेल तर ती अव्ययांची करावी. ‘ऑफ’ला चार पाने, ‘अप’ला सहा, ‘आउट’ला चार. जोडी सुटी लिहू नये, जिथे ऐकली ते पूर्ण वाक्य लिहावे, आणि शेजारी मराठीत जे सहज सुचेल ते: सुटले, करून टाकले, बाहेर आले, मागे पडले. काही जोड्या कुठल्याच चित्रात बसणार नाहीत. ‘टेक ऑफ’ म्हणजे एखाद्याची नक्कल करणे, हे ‘सुटणे’तून काढायला गेलात तर ओढूनताणून होईल. त्यांच्यासाठी शेवटचे पान कोरे ठेवावे आणि तेवढ्या मात्र सरळ पाठ कराव्यात.